बोलण्याच्या शब्दांचे तात्या

आमच्या तात्यांनी माझ्या बायकोला भर अंगणात 'लोक्वेशस' म्हटलं. तिला वाटलं कौतुक आहे, म्हणून तिनं त्यांच्या चहात आलं घातलं. त्याचा अर्थ 'बडबडी' असा होतो, हे मी नको तिथं शहाणपणा करून सांगितलं आणि दोन दिवस मलाच चहा मिळाला नाही.

तात्या म्हणजे इंदापूरजवळच्या आमच्या वस्तीवरचे शेजारी. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची वजनं करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि मुलाचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हाती लागलं. त्यातलं लॅटिन मुळांवरून इंग्रजी शब्द शिकायचं प्रकरण उघडलं आणि माणूस कामातून गेला. त्यातही भावली ती फक्त बोलण्याची मुळं.

"मुळाला धरा, सर," ते मला सांगतात. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, हे ते सोयीनं विसरतात. "'लोक्वी' म्हंजे बोलनं. मूळ घावलं की फुटवे आपसूक येत्यात."

सरपंच 'मॅग्निलोक्वंट', म्हणजे मोठमोठं बोलणारे, ठरले, कारण ते "तोंडानंच धरन बांधत्यात."

एवढा बोलण्याचा अभ्यास, पण सख्ख्या थोरल्या भावाशी नऊ वर्षं अबोला. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणी मोडली, यावरून. या भावाला सगळी वस्ती आबा म्हणते. दोघांची शेतं लागून. तात्यांचा ऊस भिजला की पाणी आबांकडं वळवायचं, आणि तो निरोप द्यायचा मी.

"दादाला सांगा, माझं झालं, पानी घे म्हनावं."

हे दादा, म्हणजे आबा, वीस पावलांवर उभे राहून सगळं ऐकत असायचे. तरी मी जाऊन तेच पुन्हा सांगायचं.

आबांना तात्यांनी 'टॅसिटर्न' ठरवलं होतं, म्हणजे अबोल. "आणि तुम्ही?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते गोठ्याकडं गेले.

शेवटी कंटाळून मी पाळीच्याच दिवशी मुद्दाम बारामतीला निघून गेलो. गेलो खरा, पण दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. आबांना पाणी मिळालं नाही तर त्यांचा ऊस पुढच्या पाळीपर्यंत वाळणार, आणि हे भाऊ मग जन्मात बोलणार नाहीत.

दुपार कलताना परतलो, तर आबांच्या सऱ्या तुडुंब भरलेल्या. तात्या एकटेच बांधावर बसले होते.

"बोललात?"

"दादा म्हनून हाक मारली. तेवढीच."

"मग ते काय म्हणाले?"

तात्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले.

"म्हनला, आवाज बसलाय तुझा, बाळ्या. औषध घेतोस का न्हाय?"