वर्षातून एकदा पात्र ठरणारी आवृत्ती

“काय बसवायचं ते बसवा बाई, पण मला वाचून दाखवेल असं काहीतरी करा,” असं मास्तरीणबाईंनी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना सांगितलं होतं. दृष्टी गेली तेव्हा त्या वाचत असलेली कादंबरी अकराव्या प्रकरणापर्यंत आली होती. बाराव्यात नायिका घर सोडते की नाही, एवढंच कळायचं राहिलं होतं. “संगणक आला की ऐकवते,” असा ग्रंथपालबाईंनी शब्द दिला.

संगणक आला. त्यात तो चालवणाऱ्या कार्यप्रणालीची कोणती आवृत्ती घालावी हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली. माझा आवाज कधी चढत नाही, एवढ्या पात्रतेवर इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

“कोरी आवृत्ती नको,” अध्यक्ष म्हणाले. “वर्षभर पुढच्यांना ठेच लागू दे, मग आपण शहाणे होऊ.”

“वर्षाहून जुनीही नको,” चिटणीस म्हणाले. “चार लोकांच्या वापरात शिळं कशाला?”

दोन्ही मुद्दे बिनतोड, म्हणून दोन्ही मंजूर झाले. आवृत्ती दरवर्षी नवी निघते. त्यामुळे पात्र आवृत्ती वर्षातून एकच दिवस मिळते, असं निष्पन्न झालं. त्या वर्षी तो रविवार निघाला. पुढच्या वर्षी सोमवार होता, पण सभेची गणसंख्या भरली नाही.

“अहो, कुठलीही घातली तरी बोलेल तो,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“चुकीचं बोलला तर? जबाबदारी कोणाची, ताई?” अध्यक्षांनी विचारलं.

जबाबदारीसाठी उपसमिती नेमली. मास्तरीणबाईंचा दर महिन्याला निरोप यायचा: “निघाली का हो ती घरातून?”

तिसऱ्या वर्षी संगणकच जुना ठरला. आता कुठलीच आवृत्ती त्याला पेलणार नव्हती. नवा घ्यावा, असा ठराव कालच्या सभेत आला आणि चर्चेला रंग चढला. तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी कपाटातून कादंबरी काढली, आपल्याच नावावर नोंदवली आणि चपला पायात सरकवल्या.

“कुठे निघालात?”

“बाराव्या प्रकरणाला.”

मी लिहिलं: ग्रंथपाल सभा सोडून गेल्या; कारण समाधानकारक नाही. खाली सातही जणांनी सह्या केल्या. म्हणजे वाचता येत होतं सगळ्यांनाच. इथवर आलात, म्हणजे तुम्हालाही येतं.

सभेत व्यत्यय नको म्हणून जाताना ग्रंथपालबाईंनी दार हळूच लोटून घेतलं.