मंगळवारचा भाव

डिचोलीच्या बाजारात पुंडलीकशेटचं तेलाचं दुकान आहे. जमिनीपासून छतापर्यंत नुसते डबे. आत शिरायचं तर पोट ओढून घ्यावं लागतं. त्या डब्यांच्या भिंतीला पाठ टेकून बसलेल्या पुंडलीकशेटना मी विचारतो, "तेल आहे का?" ते मला खालपासून वरपर्यंत बघतात आणि म्हणतात, "तेल ना." म्हणजे तेल नाही.

दर मंगळवारी हेच. डोक्यावर डबे, पायाशी डबे, कोपर टेकलंय तेही डब्यावर, आणि तेल ना. माझी तार तिथेच सटकते.

मी मूळचा चंदगडचा. खनिजाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून डिचोलीत आलो, मग भज्यांचा गाडा घातला, आणि आज पेडण्याहून मोप्याला जाणाऱ्या रस्त्यावर माझं स्वतःचं हॉटेल आहे. कुणी हात दिला नाही. जे उभं राहिलं ते घासाघीस करून. मासळीवाली मला लांबून बघते आणि टोपलीवर फडकं टाकते. लग्नात मी भटजींशी दक्षिणेवरून हुज्जत घातली होती, हे बायको अजून पाहुण्यांना सांगते. मला कुणी फसवलेलं खपत नाही. आणि पुंडलीकशेट मला फसवतात, असा माझा पहिल्या दिवसापासूनचा संशय.

त्यांची पद्धत अशी. 'तेल ना' झालं की मी डब्यांकडे बोट दाखवतो. मग ते म्हणतात, "तें आसा. पूण तुका परवडचें ना." म्हणजे तेल आहे, पण तुला परवडायचं नाही. हे ऐकून कुठल्या माणसाचं डोकं फिरणार नाही? मी म्हणतो, "भाव सांगा." तर ते उठून पंखा बंद करतात. का, तर पंखा चालू असला की गिऱ्हाईक थंड डोक्याने विचार करतं. मग चहा येतो, चहाबरोबर कडक कांकणं, म्हणजे बांगडीसारखे गोल पाव, येतात. ती बुडवून मऊ होईपर्यंत भाव सांगायचा नाही. आणि मग जो भाव सांगतात, तो ऐकून अर्धं कांकण माझ्या घशात अडकतं.

"शेट, हे तेल आहे की अत्तर?"

"तुज्या हॉटेलाक कितेंय चलता. पामतेल व्हर आनी गप राव." म्हणजे पामतेल ने आणि गप्प बस.

"माझं गिऱ्हाईक ताटातलं तेल ओळखतं."

"तुजें गिरायक तुजे बांगडे खाता मरे चंदगडकर. ताका जिबच ना."

एकदा मी असा भडकलो की चहा तसाच टाकून तडक बसस्टँड गाठला. मागून शेजारच्या सलूनमधला न्हावी, गजानन, हातात वस्तरा घेऊन धावत आला. लोक बाजूला झाले. मला वाटलं, शेट नमले. गजानन धापा टाकत म्हणाला, "शेटनी सांगितलंय, भाव आणखी वाढला." हा अपमान पोटात घालून मी घरी जाईन? परत गेलो आणि त्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत भांडलो.

चिडायचं आणखी एक कारण होतं. मी बस बदलून, घामाघूम होऊन पोचायचो, आणि हा माणूस गुळगुळीत दाढी करून, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसलेला. तेलाच्या दुकानात पांढरा सदरा. जणू नवरदेव. मला वाटायचं, मला खिजवायलाच.

शेवटी एकेक रुपया ओढत मी त्यांना खाली आणायचो. भाव ठरला की पंखा चालू. मी जिंकलो, या आनंदात घरी जायचो. बायको म्हणायची, "म्हापसा जवळ टाकून डिचोलीला तेलासाठी जाणारा अख्ख्या पेडणे तालुक्यात तुम्ही एकटेच." मी म्हणायचो, "तुला धंद्यातलं काय कळतं?"

यंदा मात्र विमानतळाकडच्या एका ठेकेदाराने त्याच्या कामगारांच्या जेवणाची ऑर्डर दिली. तेल दुपटीने लागणार. बायकोने सांगितलं, "आता मंगळवारची नाटकं पुरे. दारात तेल टाकेल असा माणूस बघा." म्हापशाचा एक एजंट आला. केसांना जेल, हातात टॅब. "सर, रेट फिक्स आहे. मेसेज टाका, डबे हजर." मी सवयीने म्हटलं, "थोडं खाली या." तो गोड हसला. "सर, सिस्टीममध्येच बसत नाही." मी आवाज चढवला, तरी तो हसतच राहिला. भिंतीशी भांडल्यासारखं वाटलं. पण भाव खरोखर बरा होता. संध्याकाळपर्यंत होकार कळवतो म्हटलं.

तो गेल्यावर थोड्याच वेळात साखळी गावचा दामोदर भेटला. त्याचंही हॉटेल, त्याचाही तेलवाला पुंडलीकशेटच. मी सहज विचारलं, "शेटना कितीवर आणतोस?"

"आणतो म्हणजे?"

"भाव रे. किती वेळ लागतो तुला?"

"भाव कसला करायचा, भाऊ? फोन लावतो, ते भाव सांगतात, टेंपो येतो. सगळ्यांना एकच भाव आहे त्यांचा."

त्याने भाव सांगितला. मी घसा फोडून, पंखा बंद करून घेऊन, उपाशीपोटी जो भाव मिळवायचो, तोच. एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही. माझे सगळे विजय इतरांना 'हॅलो' म्हटल्याबरोबर मिळत होते.

माझ्या कानशिलात रक्त उसळलं. फसवलं असतं तर निदान समजलो असतो. हा माणूस मला वर्षानुवर्षं माकडासारखा नाचवत होता. मी तडक डिचोलीची बस धरली. रस्ताभर वाक्यं जुळवली. तेल बंद, संबंध बंद, आणि वयाचा मान ठेवणार नाही. दिवस गुरुवार होता, हे डोक्यातही नव्हतं.

दुकानाच्या अलीकडे गजानन सलूनच्या पायरीवर रिकामा बसला होता. मला बघून दचकलाच.

"आज कसे? आज मंगळवार न्हय."

"मग? मंगळवारशिवाय यायची बंदी आहे?"

"तसं नाय. शेटची दाढी जावंक ना, झाली नाय अजून."

"त्यांच्या दाढीशी मला काय करायचंय?"

गजानन आवाज खाली आणून म्हणाला, "मंगळवारी सकाळी मी शटर उघडायच्या आधी येऊन बसतात. इतर दिवशी मीच हाक मारतो, या शेट, दाढी करा. तर म्हणतात, कोणाक दाखवपाची?" त्याने रस्त्याकडे हात केला. "खाणीचे ट्रक होते तेव्हा कँटीनवाले, ड्रायव्हर, सगळे हयच बसून भांडायचे. आता सगळे फोन करतात."

पोट ओढून आत शिरलो.

पुंडलीकशेट बनियनवर बसले होते. गालांवर पांढरे खुंट. कानाला फोन. कुणालातरी भाव सांगत होते, अगदी सपाट आवाजात, औषधाचा डोस सांगावा तसा. "बरें. धाडटां." संपलं. मान वर केली, मला बघितलं, आणि पहिल्यांदा हात गेला तो हनुवटीवर. मग खुंटीवरचा सदरा ओढून त्यांनी घाईघाईने अंगात घातला. वरचं बटण खालच्या काजात गेलं.

रस्ताभर जुळवलेली वाक्यं तोंडाशी होती. खिशात एजंटचा फोन वाजत होता.

"तेल आहे का?" मी ओरडलो.

शेट माझ्याकडे बघत राहिले. वरपासून खालपर्यंत. मग भिंतीला पाठ टेकून आरामात बसले.

"तेल ना."

"फोन वाजता तुजो," तेच पुढे म्हणाले.

"वाजू दे. भाव सांगा."

ते उठले आणि पंखा बंद केला.

त्या दिवशी त्यांनी सांगितलेला भाव ऐकून मला आयुष्यात आला नव्हता एवढा राग आला. यापुढे दुप्पट तेल लागणार म्हटलं, तर कुणी जास्त भाव लावतं? मी टेबलावर हात आपटला, कांकणं उडाली, बघायला गजानन दारात आला. कुठे येऊन थांबायचं ते मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, तरी एकही रुपया त्यांनी फुकट सोडला नाही आणि मीही फुकट घेतला नाही. वर टेंपोने डबे हॉटेलवर पोचवायचे, हेही त्यांच्याकडून उपटून काढलं.

पंखा सुरू झाला. शेट डब्यावरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "आता टेंपो येतलो. तुका हांगा येवपाची गरज ना. फोन कर."

"फोनवर तुमच्यावर विश्वास कोण ठेवणार?" मी म्हटलं. "भाव इथेच ठरणार."

मी दारात पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"चंदगडकर. मंगळवार न्हय जाल्यार फुडल्या खेपेक सांगून यो."

हात पुन्हा हनुवटीवर होता.

"सांगून कशाला येऊ?" मी म्हटलं. "भाव वाढवून ठेवाल."