चिंचखेडीचे तेवीस ब्रेकर

"आठ दिवसांनंतर या रस्त्यावरची एक गाडी जरी माहे भजे खाल्ल्याबिगर पुढं गेली, तं मिशी काढून फेकीन!"

पुंजाजी चार गिऱ्हाइकायसमोर असं छाती ठोकून बोलला, तवा त्याची बायको आशाबाई कांदा चिरून राह्यली होती. मान वर न करता ती म्हणे, "काढा खुशाल. पण केसं कढईत पाडू नका."

पुंजाजीचं हॉटेल म्हंजे चार टिनं, दोन बाकडे, एक कढई अन् एक पाटी. पाटीवर लाल रंगानं लिहिलेलं, 'या, बसा, खा. पुन्हा अवश्य या.' पण जागा पाहान तं राजाची! चिंचखेडीच्या यष्टीच्या थांब्यासमोर, लिंबाच्या झाडाखाली. दिवसातून चार डाव यष्टी यायची. ड्रायव्हर अविनाशभाऊ उतरून चहा प्यायचा, वाट पाह्यणारे लोकं भजे खायचे. त्या चार फेऱ्यांवर दोघा नवरा-बायकोचं पोट चालायचं.

पुंजाजीले मात्र बाकीच्या गाड्या सलायच्या. डोणगावच्या बाजाराले जाणारे टेम्पो, जीपा, मोटरसायकली, शेपटीले फटाके बांधल्यासारख्या सुटायच्या! भज्याचा वास नाकात शिरायच्या आत नाक पुढच्या गावात!

"गाडी हळू झाली पायजे," पुंजाजी म्हणे. "एकदा का हळू झाली, का वास आपलं काम करते."

अन् त्याच्या डोक्यात ब्रेकर शिरला.

ग्रामसभेत पुंजाजी उठला अन् भज्याचं नाव न काढता असा बोलला, असा बोलला, का दोन बायांनी पदर डोळ्याले लावला. "सरपंचताई, परवा माही बकरी मरता मरता वाचली! आज बकरी हाय, उद्या लेकरू असन!"

पिठाच्या गिरणीवाला गजेंद्र मागून वरडला, "तुही बकरी रस्त्याच्या मधात रवंथ करत बसते बे! तिले तिकीट काढून यष्टीत बसव!"

पण सरपंच सुचिताताई कनवाळू. त्यायनं ठराव घेतला अन् ब्रेकर मंजूर! जागा? बरोब्बर कढईच्या समोर.

आता आपल्याकडचा ब्रेकर कसा असते, तुमाले माहीत हाय. मिस्त्रीनं मापबीप काही घेतलं नाही. पुंजाजीनं त्याले दोन प्लेट भजे चारले, तं त्यानं वावराच्या धुऱ्या-बांधाएवढा ब्रेकर घातला! नारळ फुटला, हार चढला. ब्रेकरले, अन् थोडासा पुंजाजीले.

अन् काय सांगू, चालला ना राजेहो! पहिल्याच दिवशी एका जीपमधल्या पाव्हण्याचं डोस्कं टपाले आपटलं. तो बिचारा पाणी मागाले उतरला अन् तीन प्लेट खाऊन गेला. टेम्पोवाले स्प्रिंग पाहाले थांबायचे अन् चहा पिऊन निघायचे. पुंजाजी मिशीवर हात फिरवून आशाबाईले म्हणे, "पाह्यलं? याले म्हणतात डोस्कं!"

"तुमचं का पाव्हण्याचं?" आशाबाईनं विचारलं.

इथवर ठीक होतं. पण गजेंद्रच्या पोटात दुखाले लागलं. तो पारावर बसून म्हणे, "पुंजाजीच्या दारात ब्रेकर, अन् आमच्या दारात काहून नाही? आमच्या घरचे माणसं का फुकटात आले?"

झालं! चिंचखेडीत ब्रेकर म्हंजे मान होऊन बसला. ज्याच्या दारासमोर ब्रेकर, तो वजनदार माणूस. सोयरीक पाहाले आलेले पाव्हणेही विचाराले लागले, "जमीन किती, अन् ब्रेकर हाय का?" पुढच्या ग्रामसभेत बावीस अर्ज आले. गिरणीसमोर एक, मंदिरासमोर एक, अन् मंदिराले दिला तं पुजाऱ्याच्या घरासमोरही एक. दोन सख्ख्या भावायची भिंत एकच, पण ब्रेकर दोन पायजे, काहून का बोलचाल बंद!

शेवटी अन्नपूर्णाबाई उठली. वय ऐंशीच्या वर, पण आवाज गिरणीच्या भोंग्यावाणी. म्हणे, "सुचिता, माहा ब्रेकर स्मशानासमोर टाक!"

"आजी, तिथं कोण राह्यते?"

"आता कोणी राह्यत नाही, पण मले जायचं हाय ना! मी सरणावर पडीन अन् बाजूनं गाड्या भर्रकन जातीन? जित्तेपणी सुनेनं झोपू दिलं नाही, निदान तिथं तं शांत पडू दे!"

याले कोण नाही म्हणन? हात वर करायच्या आधीच ठराव पास! गावात शिरताना सगळ्यात आधी स्मशानच लागते, म्हणून मिस्त्रीनं सुरुवातही तिथूनच केली.

पुंजाजीचा एक अन् हे बावीस, असे पाव कोसात तेवीस ब्रेकर! रस्ता नाही, मगरीची पाठ! दूधवाला घरून दूध घेऊन निघायचा अन् गावाबाहेर ताक घेऊन पोचायचा, वर लोण्याचा गोळा. एका म्हाताऱ्याचा दहा वर्षांपासून सरकलेला मणका अकराव्या ब्रेकरले जागेवर बसला अन् सोळाव्याले परत सरकला.

अविनाशभाऊनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी गिरणीसमोरच्या ब्रेकरवर यष्टीचं पोट टेकलं. पुढचे चाकं हवेत, मागचे चाकं हवेत, अन् आतले चाळीस लोकं जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावाणी! मागचे पुढं सरकले का गाडी पुढं वाके, पुढचे भिऊन मागं पळाले का मागं वाके. कंडक्टरचं तिकिटाचं मशीन खिडकीतून उडालं, ते थेट बकरीच्या पुढ्यात. कशीबशी गाडी खाली उतरली, तवा अविनाशभाऊनं पुंजाजीचा चहासुद्धा घेतला नाही.

"पुंजाजी, राम राम! उद्यापासून गाडी स्मशानापर्यंत येईन. तिथं वळवाले मोकळी जागा हाय. पहिला ब्रेकर काही मी चढत नाही."

पुंजाजीच्या हातातला झारा तसाच राह्यला. थांबा गेला म्हंजे पोट गेलं! जीपवाला पाव्हणा रोज थोडीच डोस्कं आपटाले येते? अन् आता तं जीपवालेही दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागले होते. गजेंद्र गिरणी बंद करून मुद्दाम आला. "काहो, एकही गाडी पुढं जाणार नव्हती ना? आता तं इथवर येऊनच नाही राह्यली! वस्तरा आणू का?"

बोललेला माणूस. मिशी गेली.

मग तातडीची ग्रामसभा. ब्रेकर काढाचे, यावर साऱ्यायचं एकमत! भांडण एवढंच, का पहिला कोणाचा?

"ज्यानं सुरू केलं त्यानं काढावं," गजेंद्र म्हणे. "त्याचा निघाला का आमचे निघालेच समजा."

पुंजाजीले ते पटलं. एखादा माणूस मिशीसंगं अक्कलही काढून देते, तसं झालं. त्यानं घन आणला अन् गावासमोर घाम गाळत आपला ब्रेकर फोडला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. अन्नपूर्णाबाई म्हणे, "शाब्बास रे वाघा!" सुचिताताईनं त्याचा तोच हार घालून सत्कार केला, जो मागच्या पंधरवड्यात ब्रेकरले घातला होता.

मग पुंजाजीनं घन गजेंद्रपुढं धरला. "घे."

"आता?" गजेंद्र म्हणे. "आता गिरणीवर दळण पडून हाय. अन् पुजाऱ्याचा निघाल्याबिगर माहा काहून निघन?"

पुजारी म्हणे, आधी देवाचा. देवाच्या ब्रेकरले घन लावाची कोणाची हिंमत? ते दोन भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात बोलले, "आधी त्याचा!" अन् पाच मिनिटांत सारे आपापल्या घरी.

तवापासून चिंचखेडीत बावीस ब्रेकर हायेत, अन् सपाट जागा एकच, पुंजाजीच्या हॉटेलासमोर! चुकून आलेली गाडी अकरा ब्रेकरवर कण्हत कण्हत येते, कढईसमोर तिले मोकळा रस्ता दिसते, अन् ड्रायव्हर असा पाय दाबते, का भजे धुळीत नाहून निघतात!

तीन दिवस पुंजाजी कढईकडं पाहत बसला. चौथ्या दिवशी आशाबाईनं टिनं उतरवले.

"कुठं नेतं?"

"जिथं यष्टी थांबते तिथं. अन् याच्या पुढं मले हलवू नका. तिथून पुढं गाव नाही!"

आता कोणी त्या रस्त्यानं आलं, तं कंडक्टर दारात उभा राहून वरडते, "चला, स्मशानभूमी! स्मशानभूमीवाले, उतरून घ्या!" नवीन माणूस दांडा सोडत नाही. पण भज्याचा वास आला का उतरते. गाडी हळू होते अन् वास आपलं काम करते. गावातून कोणाची तिरडी आली, तं पुंजाजी कढई झाकून चार पावलं संगं जाते. परतताना सारे चहाले बसतात. तसा धंदा बरा हाय.

परवा अन्नपूर्णाबाई डोणगावचा बाजार करून यष्टीतून उतरली. बिनामिशीच्या पुंजाजीले तिनं वरपासून खालपर्यंत पाह्यलं. मग कंबरेवर हात ठेवून तापली, "मेल्या, मी इथं शांती मांगतली होती, अन् तू भजे तळून राह्यला?"

"बस ना आजी. गरम हायेत."

आजी बसली. दोन प्लेट चेपले, मिरच्याही सोडल्या नाही. पदराले हात पुसत उठली, तवा समोर स्मशानाच्या फाटकाले लटकवलेली हॉटेलाची पाटी तिले दिसली. शेवटची ओळ तिनं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचली.

"पुन्हा... अवश्य... या."

कढई चर्र करत होती. आजीनं पिशवी उचलली.

"येतो ना रे बाप्पा! पण एवढी घाई काहून करतं?"

पाटी पुंजाजीनं त्याच दुपारी उतरवली. आता ती उलटी करून बाकड्यावर टाकली हाय, अन् आजी आली का तिच्यावरच बसते.