सेतुमामांची लाईन

सोमवार, १२ जून २००६. हातातलं काम : स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाळून घट्ट बसलेला वरणभात उलथन्यानं खरवडणं.

भात रविवारचा होता. रविवारी आमच्या ओंकारला त्याचे वडील भरवतात. म्हणजे वडील पेपर वाचतात, मधूनच न बघता चमचा पुढे करतात, आणि भात भिंतीवर जातो. निम्मी भिंत उरकली असेल, तेवढ्यात जिन्यात खाडखाड बूट वाजले. मान वळवायची गरज नव्हती. चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या आमच्या अख्ख्या वसाहतीत पांढऱ्याशुभ्र वेष्टीखाली, म्हणजे इथल्या लुंगीवजा धोतराखाली, कारखान्यातले लोखंडी टोकाचे काळे बूट घालणारा माणूस एकच.

“अक्का,” दारातूनच सेतुमामा म्हणाले, “आज संध्याकाळीं मीनूस तुम्हींच भरवा. लास्ट बॅच.”

“बरं,” मी म्हटलं.

“सरि, ठीक,” मामा म्हणाले आणि खाडखाड खाली उतरले.

मीनू ही त्यांची अडीच वर्षांची नात. त्या रात्रीच्या विमानानं ती आईवडिलांबरोबर अमेरिकेला जाणार होती. मामा जाणार नव्हते. मामी मागेच वारल्या. म्हणजे उद्यापासून त्या तीन खोल्यांत मामा आणि त्यांचे बूट.

मी उलथनं बाजूला ठेवलं. भिंत काही पळून जात नव्हती.

सेतुमाधवराव हे त्यांचं पूर्ण नाव. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं ते तपासणी खात्यात होते. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेतात, शाल घेतात. मामांनी बूट मागून घेतले. का, असं मी एकदा विचारलं.

“जन्म मशीनांत गेला, अक्का. नखालासुद्धां लागलें नाहीं. रिटायर होऊन पोरीस सांभाळायला बसलों आणि पहिल्याच आठवड्यांत तिनें पायावर खलबत्ता टाकला. आतां सांगा, डेंजर एरिया कोणता?”

मामा तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज राजाबरोबर दक्षिणेत आले ते आलेच. मामांनी महाराष्ट्र पाहिलेला नाही आणि पाहायची घाईही नाही. त्यांची मराठी पोथीतल्यासारखी आणि चाल तमिळ, त्यामुळे साधं ‘पाणी संपलें’ म्हणाले तरी कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं. माझ्या बोलण्यातल्या चुका मात्र ते न विचारता काढतात. “आमची मराठी स्टोअरमध्यें जपून ठेवलेला ओरिजिनल पीस आहे,” ते म्हणतात. “तुमची वापरून झिजलेली.”

आमची ओळखही अशीच झाली. मागच्या वर्षी यांची बदली चेन्नईला झाली, तेव्हा ओंकार दीड वर्षाचा होता आणि मी चव्वेचाळीसची. लग्नाला सतरा वर्षं होऊन गेल्यावर झालेलं मूल. लोकांना वाटतं अशी आई हळवी असते. मी वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. हळवं व्हायला मला वेळ झाला नाही. खाली वॉचमन ओंकारला ‘पाट्टी कुठंय?’ विचारायचा. पाट्टी म्हणजे आजी. मी दोनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

ओंकार जेवत नसे. थोडं जेवणं, कमी जेवणं, असली भानगडच नाही. दात आवळून बसायचा. आमच्याकडे पाण्याची लॉरी येते. ती टाकीत पाणी सोडेपर्यंत तिच्याकडे बघत तो चार घास घ्यायचा. लॉरी गेली की तोंड बंद. चेन्नईत पाण्याची टंचाई म्हणून लोक देवाला साकडं घालत, मी लॉरी रोज यावी म्हणून.

एका संध्याकाळी मी जिन्यात त्याला धरून “गिळ एकदाचं!” म्हणून ओरडत होते. वरून येणारे बूट थांबले.

“तुम्हीं आमच्यांतल्या? मराठी?”

मी वर पाहिलं. कडेवर मुलगी, वेष्टी, बूट. त्यांनी माझ्या वाटीत हात घातला, भाताचं एक शीत उचललं, अंगठ्यात आणि तर्जनीत धरून चिरडलं, उजेडात नेऊन पाहिलं.

“रिजेक्ट,” म्हणाले. “मधें कणी राहिली आहे. पोर बरोबर आहे, तुम्हीं चूक.”

परक्या माणसानं येऊन माझ्या भाताची परीक्षा घ्यावी हे मला अजिबात आवडलं नाही. घरी जाऊन शीत चिरडून पाहिलं. कणी होती.

त्या वेळी मीनू फक्त मामांच्या हातून जेवायची. आईच्या नाही, बापाच्या नाही. तिची आई शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, बापही तिथलाच. रविवारी ती बिचारी वाटी घेऊन मागे फिरायची आणि मीनू “ताता! ताता!” करत आजोबांच्या वेष्टीत शिरायची. “माझी मुलगी आहे, पण मी हिच्या घरी पेइंग गेस्ट आहे,” असं ती मला एकदा हसून म्हणाली होती. फार हसून नाही.

मग पोंगलचा सण झाला आणि मामांच्या डोक्यात काहीतरी शिरलं.

आमच्याकडे दिवेलागणीला वसाहतीतल्या सगळ्या आया वाट्या घेऊन खाली उतरतात. घरात मूल जेवत नाही, पण कावळा, कुत्रा, चंद्र, जनरेटर असं काही दाखवलं तर जेवतं, असा इथला सार्वत्रिक समज आहे. त्या दिवशी आम्ही आठदहा जणी अशाच पोरांच्या मागे पळत होतो. मामांनी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढून टाळी वाजवली.

“स्टॉप! सगळ्या जणी थांबा!”

आम्ही थांबलो. पोरंही थांबली.

“कारखान्यांत ज्यानें पीस बनवला त्यानें तो पास करायचा नाहीं. रूल आहे. स्वतःचा माल स्वतः तपासायचा नाहीं. माणूस स्वतःच्या मालास कधीं हो म्हणतो, कधीं रागानें आपटतो. तुम्हीं तेंच करतां. आजपासून आपलें पोर आपण भरवायचें नाहीं. वाट्या बदला!”

हे त्यांनी आधी तमिळमध्ये सांगितलं, मग इंग्रजीत, मग माझ्या एकटीसाठी मराठीत. सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. दुसऱ्याच्या मुलाला भरवायचं म्हणजे वाटीत काय आहे ते दुसरीला दिसणार. वसुधा नावाची माझ्या शेजारची तरुण मुलगी वाटी पदराआड धरून उभी होती. तिची लेक महिनाभर नुसत्या बिस्किटांवर जगत होती आणि वाटीत भिजवलेली बिस्किटंच होती.

“लाईन चालू!” मामा ओरडले.

ओंकार वसुधाकडे गेला. तिनं शेजारणीच्या डब्यातला दहीभात त्याच्यापुढे धरला. मी दुरून बघत होते. दात आवळायच्या तयारीत असलेल्या माझ्या मुलानं वसुधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी रागावत नाही, गयावया करत नाही, म्हणजे हट्टाला गिऱ्हाईकच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं आ केला. वसुधाच्या लेकीनं माझ्या हातून साजूक तुपाचा वरणभात असा खाल्ला, की मला तिच्या तोंडातून बोट सोडवून घ्यावं लागलं. बोट माझंच होतं.

तेव्हापासून लाईन रोज चालू. मामा बूट वाजवत फिरत आणि प्रत्येक वाटीतलं शीत चिरडत. ‘पास’ म्हणजे चालू द्या. ‘रीवर्क’ म्हणजे घरी जाऊन पुन्हा कालवून आणा. ‘रिजेक्ट’ म्हणजे ती वाटी मामा स्वतः खाऊन टाकत, कारण अन्न फेकायचं नाही. वसुधाचं म्हणणं, महिन्याच्या शेवटी मामा मुद्दाम जास्त रिजेक्ट करतात.

दुसऱ्याचं मूल मांडीवर असलं की माणूस खरं बोलतो, हेही मला तिथंच कळलं. कोणाचं पोर चावतं, कोणाचं रात्रभर झोपत नाही, कोणाचं फक्त आजोबांच्या बुटात शी करतं. (मामांच्या. एकदाच.) मला आधार-बिधार काही नको होता, पोराच्या पोटात भात हवा होता. पण वसुधानं एकदा ओंकारला भरवता भरवता म्हटलं, “अक्का, काल मी बाथरूममध्ये दार लावून रडले,” आणि मी म्हटलं, “मी परवा.” बाकीच्या दोघींनी नुसते हात वर केले. तेवढ्यात मामा आले आणि म्हणाले, “ऑपरेटरनीं गप्पा मारायच्या नाहींत.”

मीनूला ते रोज नवीन हात देत. आज वसुधा, उद्या तिसऱ्या मजल्यावरची बंगाली बाई, परवा कोणी पाहुणी आली असेल तर तीसुद्धा. दुपारी माझ्याकडे आणून सोडत आणि माझ्यासमोर बसून ओंकारला भरवत. स्वतःच्या हातून मात्र मीनूला एक घास नाही. पहिला महिना ती “ताता” म्हणून गळा काढायची. मामा पाठ फिरवून टाकीचा नळ तपासत उभे राहायचे. तो नळ कधीच गळत नव्हता.

“टू मच, अक्का,” वसुधा म्हणायची. “नियम म्हणजे किती नियम!”

मलाही ते जरा जास्तच वाटायचं. पण माझा मुलगा जेवत होता. मी बोलले नाही.

आता त्या सोमवारची संध्याकाळ. मीनूला नवा फ्रॉक घातला होता. वर सुटकेसा बांधून तयार होत्या, आणि मामा नेहमीसारखे शितं चिरडत फिरत होते. मी मीनूला कट्ट्यावर बसवलं आणि वाटी मामांसमोर धरली.

“आज तुम्ही भरवा.”

“रूल आहे.”

“तुमचा रूल गेला खड्ड्यात. रात्री पोर जाणार आहे.”

मामा हळूच म्हणाले, “तिथें डे-केअरमध्यें टाकणार तिला. गोऱ्या बाईच्या हातून जेवायचें. पोंगलच्या आधींच मुलानें सांगितलें होतें, व्हिसाचें काम चालू आहे म्हणून. पोर तर माझ्याशिवाय तोंड उघडत नव्हतें. तिथें ताता कुठून आणणार? उपाशी राहिली असती, अक्का. म्हणून लाईन लावली.”

मला हे नीट कळायला थोडा वेळ लागला.

“म्हणजे हे सगळं ओंकारसाठी नव्हतं?”

“तुमचा ओंकार बाय-प्रॉडक्ट,” मामा म्हणाले.

मी वाटी त्यांच्या हातात कोंबली. “मग आता झालं ना काम? भरवा.”

मामांनी नळावर हात धुतले, वेष्टीला पुसले, कट्ट्यावर तिच्याशेजारी बसले आणि छोटासा घास केला. लहान मुलाला भरवायला पाची बोटांनी जसा गोल करतात तसा, वर तूप. “वा, कण्णा. ये बाळा, आ कर.”

मीनूनं घासाकडे पाहिलं. मामांकडे पाहिलं. मग तोंड घट्ट मिटून ती कट्ट्यावरून घसरली, माझ्याजवळ आली आणि माझ्यापुढे आ करून उभी राहिली.

वसुधाचा हात थांबला. मीनू आ करून उभीच होती, तेव्हा मी वाटी परत घेतली आणि तिला भरवायला लागले. दुसरं काय करणार? पोराला भूक लागली होती.

मामांच्या बोटांत तो घास तसाच होता. सवयीनं त्यांनी त्यातलं एक शीत काढलं, चिरडलं, उजेडात धरलं.

“पास,” म्हणाले.

“भात ना?” मी विचारलं.

“नाहीं. पीस.”

मग तो घास त्यांनी स्वतःच खाल्ला आणि टाकीचा नळ तपासायला गेले.

विमान मध्यरात्रीनंतरचं होतं. मी निरोपाला खाली गेले नाही. निरोप मला जमत नाहीत आणि ओंकारला झोपवायचं होतं.

मंगळवारी सकाळी मी भाताचा कुकर एक शिटी कमी करून उतरवला. शीत चिरडून पाहिलं. मधे चांगली टणक कणी. वर वरण ओतलं, ओंकारला काखोटीला मारलं आणि मामांची बेल वाजवली. त्याला मी तासाभरापूर्वीच दोन इडल्या चारल्या होत्या, पण ते मामांना सांगायची गरज नव्हती.

मामांनी दार उघडलं. पायात बूट नव्हते. त्यांचे पाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अगदी गोरे होते, उन्हाला कधी न दिसलेले.

“जेवत नाहीये,” मी म्हटलं.

त्यांनी ओंकारकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. शीत उचललं, चिरडलं. मग पुन्हा एक उचललं.

“अय्यय्यो, अक्का! हा काय भात आहे? इतक्या महिन्यांत काय शिकलां तुम्हीं? रिजेक्ट! टोटल रिजेक्ट!”

“मग करा तुम्हीच रीवर्क. मला कामं आहेत,” मी म्हटलं आणि ओंकारला त्यांच्या कडेवर दिलं. मी वळले तोवर मामा दारामागे वाकून एका हातानं बूट शोधत होते.

मी वर आले आणि राहिलेली निम्मी भिंत खरवडायला घेतली.