धुरीकाकांचं अंगण

‘जंतू मारतं’ असं लिहिलेली बाटली दिसली की आमचे धुरीकाका दुकानदाराला एकच प्रश्न विचारतात, "कुठला जंतू? नाव सांग." दुकानदार बिचारा काय सांगणार? मग काका तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, त्याची खरडपट्टी काढतात. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीखालचा दुकानदार तर काका जिन्यावर दिसले की निलगिरीच्या बाटल्या आत सरकवतो.

काका निवृत्त झाले ते इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून. शेवटची काही वर्षं तिथे वनस्पतींच्या तेलांच्या चाचण्या चालत. काचेच्या ताटलीत जंतूंचा थर वाढवायचा, त्यावर तेलात बुडवलेली कागदाची टिकली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न वाढलेली स्वच्छ जागा पट्टीने मोजायची. त्या जागेला काका अंगण म्हणतात. "ओव्याच्या तेलाचं अंगण बघायला हवं होतंस गो," हे मी पाणी भरताना, कपडे वाळत घालताना, गणपतीच्या आरतीला उभी असतानासुद्धा ऐकलंय. स्वतःची मोरी ते ओव्याचं तेल घातलेल्या पाण्याने धुतात. आमचीही धुतो म्हणाले होते. मी नको म्हटलं.

खरं सांगते, मला हा माणूस आवडायचा नाही. सदा कपाळाला आठी. कोणी बरं बोलायला गेलं तरी वसकन अंगावर येणार.

मागच्या वर्षी आईच्या तळपायाला फोड आला. तिला साखरेचा आजार. दादरच्या एका प्रदर्शनातून मी लवंगेच्या तेलाची बाटली आणली. काकांचीच बडबड डोक्यात असणार. चार दिवस लावलं. पाचव्या दिवशी काका दारावरून जाताना थांबले आणि नाक वर करून हुंगायला लागले.

"लवंग. दात कोणाचा दुखतोय?"

"दात नाही काका, आईचा पाय."

चपला न काढता ते आत शिरले. पाय पाहिला आणि बाटली मोरीत उपडी केली. मग सुरू झाले. काका चिडले की मालवणीवर येतात. "अक्कल खय ठेवलंस गो? शिकलेली ना तू?"

माझंही डोकं फिरलं. चांगले पैसे मोजून आणलेलं तेल, आणि हे कोण ओतणारे? "आयुष्यभर तुम्हीच अंगणं मोजलीत ना? मी लावलं तर गुन्हा?"

"ता ताटलीत गो. ताटलीक पाय नाय. ताटलीक साखर नाय. ताटली भाजत नाय."

अख्खा मजला दारात जमला. आई रडायला लागली. त्यांना हाताला धरून बाहेर काढावं असं मला वाटत होतं, तोवर ते खाली जाऊन टॅक्सी घेऊन आले.

तेलाने कातडी भाजली होती, आणखी दोन दिवस थांबला असतात तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. एका बोटावर निभावलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर काका माझ्याशेजारी बसून होते. उपकार झाले होते हे कळत होतं, पण राग काही उतरला नव्हता.

"काका, एवढं चारचौघांत ओरडायची गरज होती का?"



"तुझ्या काकीच्या पायाक मी नऊ दिवस लावलंय," ते म्हणाले.

काकी साखरेने गेल्या, एवढंच चाळीला ठाऊक होतं. मलाही.

"माझा तेल, माझी खात्री. रोज विचारलंय, बरा वाटता? रोज म्हणाली, होय, वासपण बरो येता. पाय काळो पडलो, तरी होयच म्हणाली."

त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"एकदा तरी तिणा माझ्यार ओरडाक व्हया होता गो."