चौथी बिल्डिंग

माणूस खेळातून शिकतो, हे आता सिद्ध झालेलं आहे. त्याआधीही माणूस शिकायचा, पण त्याचे पॉइंट मिळायचे नाहीत, त्यामुळे ते शिक्षण हिशेबात धरता येत नाही.

दत्ताराम गोताड हा असाच एक न धरलेला माणूस. मूळचा संगमेश्वरकडचा, राहायला पेणकरपाड्यात, कामाने चावीवाला. म्हणजे कुलपांचा नव्हे, पाण्याचा. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लीत यायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी खालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि आटे मोजून पाणी सोडायचं. गल्लीत बिल्डिंगा चार, पाइप एक आणि पाणी तिघींपुरतं. सव्वीस वर्षं दत्ताराम प्रत्येकीला चाळीस मिनिटं पाणी देत होता आणि चारही बिल्डिंगा त्याला सारख्याच शिव्या देत होत्या. वाटप समान असल्याचा याहून चोख पुरावा नसतो.

पण ज्या खासगी कंपनीकडे हे काम होतं, तिला पुरावा मोबाईलवर हवा होता. तिने 'खेळाधारित कौशल्यवृद्धी उपक्रम' सुरू केला. 'जलवीर' नावाचा गेम, चार लेव्हल. तीस तारखेच्या आत जो चारही पार करेल त्याची चावी त्याच्याकडे राहील. जो करणार नाही त्याने वरसाव्याच्या गोदामात बसून पाइप राखायचे. (पाइपांना शिव्या देता येत नाहीत, ही त्या बदलीची एकमेव जमेची बाजू.) चोपन्नाव्या वर्षी दत्तारामकडे चावी सोडून दुसरं काही नव्हतं. चावी खांद्यावर असली की गल्लीत सगळे त्याला दत्ताभाई म्हणत. नसली की बाजूला हो म्हणत.

प्रत्येक लेव्हलनंतर 'चिंतन' सक्तीचं होतं. 'आज मी काय शिकलो?' याचं उत्तर मोबाईलमध्ये बोलून द्यायचं, किमान पन्नास शब्दांत. एकोणपन्नास शब्दांपर्यंत माणूस शिकलेला नसतो. शेवटी हसरा चेहरा दाबायचा. कंपनीच्या पाहणीत चौऱ्याण्णव टक्के कामगारांना शिकण्याचा आनंद झाला. उरलेल्या सहा टक्क्यांना आनंद होईपर्यंत पुढची स्क्रीन उघडत नव्हती.

पहिल्या लेव्हलमध्ये चित्रातून चावी ओळखायची होती. दत्तारामने चावी ओळखली आणि तो नापास झाला, कारण बरोबर उत्तर पाना हे होतं. दुसऱ्या खेपेला त्याने पाना दाबला आणि तो पास झाला. 'मी सव्वीस वर्षं जिने पाणी सोडतो ती चावी नाही, हे मी आज शिकलो,' असं त्याने चिंतन केलं आणि शब्द कमी पडले म्हणून खाली सगळ्या चेंबरांची नावं सांगितली. दुसरी लेव्हल झाकण उघडण्याची. गेममध्ये झाकणावर कुणाची स्कूटर लावलेली नसते, त्यामुळे ती चार सेकंदांत पार झाली आणि त्याला 'विजेचा वेग' हा बिल्ला मिळाला. तिसऱ्या लेव्हलमध्ये सगळेच पास झाले. सर्व्हर बंद होता.

चौथी लेव्हल मात्र थेट त्याच्याच गल्लीची. चार बिल्डिंगा, एक पाइप, पाणी तिघींपुरतं. प्रत्येक बिल्डिंगवर एक गोल चेहरा. चेहरे हसवा, तीन चांदण्या मिळवा. दत्तारामने नेहमीसारखं सारखं वाटलं. चारही चेहरे रडले. एकतीस वेळा रडले.

कंपनीच्या प्रशिक्षक नेहा मॅडम भेटायला आल्या. वय चोवीस, सगळे बिल्ले मिळवलेल्या.

"काका, तुम्ही सगळ्यांना सारखंच का देताय?"

"मॅडम, पाणीच तेवढंय."

"पण गेम सांगतोय, समाधान शून्य टक्के."

"बरोबर सांगतोय. तेवढंच असतं."

घरी बायको आनंदी हे रोज बघत होती. "अहो, त्या गोल तोंडाला एवढं कुरवाळताय," ती म्हणाली, "माझं तोंड सव्वीस वर्षं तसंच आहे, ते कधी दिसलं नाही."

एकोणतीस तारखेला शोध लागला. टपरीवर दत्ताराम खेळत होता, तेवढ्यात चहा आला. फुंकर मारून प्यायच्या नादात चौथ्या बिल्डिंगला पाणी द्यायचं राहिलं. त्याने बघितलं तर तिच्या खिडक्या एकेक बंद झाल्या, खाली टेम्पो लागला, टेम्पोत गाद्या चढल्या आणि टुंग असा आवाज होऊन बिल्डिंगच गायब. उरल्या तीन. तिघी हसत होत्या. तीनपैकी तीन, म्हणजे शंभर टक्के. लेव्हल पार.

दत्तारामने चिंतन केलं: 'आज मी शिकलो की एका बिल्डिंगला पाणीच दिलं नाही तर ती निघून जाते आणि गेलेल्यांची नाराजी मोजत नाहीत. मग सगळे खूश असतात. एवढी सोपी गोष्ट मला सव्वीस वर्षं सुचली नाही, यात चूक माझीच आहे...' इत्यादी.

कंपनीला हे चिंतन फार आवडलं. 'सखोल' असा शेरा मारून, दत्तारामच्या फोटोसकट, ते चारही सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवण्यात आलं. नागरिकांना अभिमान वाटावा म्हणून.

"आता फक्त प्रात्यक्षिक," नेहा मॅडम म्हणाल्या. "एक आठवडा तक्रार आली नाही पाहिजे. मग चावी कायमची तुमची. कुठली बिल्डिंग ते तुम्ही ठरवा काका, तेवढं स्वातंत्र्य आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम चेंबरपाशी आला, तर त्याच्या आधी चारही सेक्रेटरी हजर. झाकण कधी नव्हे ते मोकळं होतं. दत्तारामने चारही बिल्डिंगांकडे वर बघितलं. सगळीकडे कुणी ना कुणी बादली घेऊन खिडकीत उभं होतं. इथून टुंग आवाज येण्यासारखं काही दिसेना. आठवडा संपला की वरसावे, हे मात्र स्पष्ट दिसत होतं.

कल्पना पॅलेसच्या किरीटभाईंनी त्याला बाजूला ओढलं. "दत्ताभाई, सच बोलो. वो चौथी बिल्डिंग कौनसी है?"

किरीटभाईंचा चेहरा गोल होता. दत्ताराम त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. अगदी गेममधला.

"आपकी नहीं है," तो हळूच म्हणाला. "किसी को बोलना मत."

चेहरा हसला.

मग रोझ गार्डनच्या आयरिनबाई. या मूळच्या उत्तनच्या. "दत्ता, आमची तर न्हाय ना रं?"

"तुमची नाय, बाय."

"मग कल्पना पॅलेस का?"

दत्ताराम आभाळाकडे बघत राहिला.

"अरेरे," आयरिनबाई खुशीत म्हणाल्या. "बिचारे."

उरलेल्या दोघांनाही त्याने तेच सांगितलं. मग चावी बसवली, नेहमीचेच आटे मोजले आणि प्रत्येकीला नेहमीची चाळीस मिनिटं दिली.

आठवड्याच्या तक्रारी एकसष्टवरून शून्यावर आल्या. पाण्यातली वाढ: शून्य लिटर. समाधानातली वाढ: मावली नाही. किरीटभाई प्रेशरचं कौतुक करू लागले, आयरिनबाईंना पाणी गोड लागू लागलं. चारही सोसायट्यांनी आपापल्या सभेत चौथ्या बिल्डिंगबद्दल सहानुभूतीचा ठराव एकमताने मंजूर केला. (तिला रोज एक टँकर पाठवावा, ही उपसूचना चारही ठिकाणी एकमताने बारगळली.)

चावी दत्तारामकडेच राहिली. शेवटचं चिंतन त्याने चेंबरपाशी बसून केलं: 'गेममध्ये चौथी बिल्डिंग खरोखर घालवावी लागते. इथे घालवावी लागत नाही. ती दुसऱ्या कुणाची तरी आहे, एवढं कळलं तरी माणसं हसतात.' मोबाईलने शब्द मोजले आणि आणखी शिकायला सांगितलं. तेव्हा त्याने पूनम सागरपासून सुरुवात करून आठवतील तेवढ्या बिल्डिंगांची नावं घेतली, पन्नास भरेपर्यंत.

तुमची बिल्डिंग त्यात नाही. दत्तारामला खास विचारून घेतलंय. फक्त कुणाला बोलू नका.

बघा, हसलात. तीन चांदण्या.