हरणमाशीचा पत्ता

"फोटोवरून नक्की सांगता येत नाही." कुणीही किड्याचा फोटो दाखवला की संग्रहालयातली दांगुओले हेच म्हणायची; तिचं हे उत्तर अख्ख्या गावाला पाठ होतं. हरणांच्या अंगावर जगणाऱ्या माश्यांचा तिचा अभ्यास. त्यांतल्या दोन जाती सख्ख्या बहिणींसारख्या. धाकटी जरा लहान, तिच्या पाठीवरचे केस विरळ आणि राठ, एवढाच फरक. धाकटीची या जिल्ह्यात अजून नोंद नव्हती. ती आपल्या हातून व्हावी, असं दांगुओलेच्या फार मनात होतं.

सप्टेंबरात अळंबी वेचून आलेल्या सासऱ्यांनी, येरोनिमासांनी, मानेवरची माशी एका अळंबीवर ठेवली, तिचा फोटो काढला आणि मग ती नखांत चिरडली.

"मामंजी, ही धाकटीच दिसतेय! अळंबी केवढी होती?"

"ही एवढी!" त्यांनी दोन्ही हात फाकवले.

दांगुओलेने फोटोतल्या अळंबीशी माशी ताडून हिशेब केला. "मग माशी चिमणीएवढी होतेय."

"बरं, बशीएवढी धर."

"मामंजी!"

"कपाच्या तोंडाएवढी. पण बाहेर बोलू नकोस."

आता माप जुळलं. पण नोंदीला खरी माशी हवी, म्हणजे जागा हवी. सासऱ्यांनी तळ्यापलीकडचं कुरण सांगितलं. रविवारची सगळी सकाळ दांगुओले तिथल्या चिखलात फिरली. बेडूक भेटले.

"तिथे हरणं कशी असतील?" ती परतल्यावर सासरे म्हणाले.

"मग सांगितलंत कशाला?"

"अळंबीची जागा विचारली की मी तेच सांगतो. तुझ्या सासूलाही लग्नापासून तेच सांगतोय."

"मी माशीची विचारली होती!"

"आणि माशी कुठली? अळंबीच्या जागेतलीच ना?"

दांगुओले थकून खुर्चीत बसली. "जागेशिवाय नोंद होत नाही, मामंजी. आणि खोटी जागा मी लिहिणार नाही."

सासरे अळंबी कापायच्या सुरीवरची माती खरवडू लागले. "आईने अंथरूण धरलं तेव्हा मला सांगितली ती जागा," ते हळूच म्हणाले. "चल. पण आधी शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस."

माशीच्या नादात तिने शपथ घेतली.

पाइनच्या रानात शिरताच माश्या तिच्या केसांत घुसल्या. एकेक वेचून तिने कुपीत टाकली, भिंग लावलं. विरळ, राठ केस. धाकटीच! कुपीचं पडलेलं बूच उचलायला ती वाकली आणि तशीच राहिली. शेवाळातून अळंब्यांच्या तपकिरी टोप्या वर आल्या होत्या, नजर जाईल तिथवर. टोपली एकच होती, ती लगेच भरली. येताना माश्या पकडायचं जाळंही अळंब्यांनी गच्च भरलं होतं.

सोमवारी संग्रहालयाच्या प्रमुख राइमोंदाबाई कुपी उजेडात धरून हरखल्या. "दांगुओले, जिंकलीस! आता जागा लिही. रविवारी सगळेच जाऊ तिथे. टोपल्या घेऊन."

"टोपल्या कशाला, बाई?"

"अगं, रानात रिकाम्या हाताने कुणी जातं का?" त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. "हं, दाखव."

दांगुओलेने पेन उघडलं. घरी सासूबाईंनी दोऱ्यात ओवलेल्या अळंब्या चुलीवर वाळत होत्या. त्यांचा वास तिच्या स्वेटरलाही लागला होता. तिने नकाशा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका करून पाहिला. मग पेनाला टोपण लावलं.

"नकाशावरून," ती म्हणाली, "नक्की सांगता येत नाही."